हॅल ९००० खरंच खलनायक होता का?

तिरफळ (रविवार, रात्री ९:४०)

आज दुपारी जेवणं आटपल्यावर लेकाबरोबर '२००१: अ स्पेस ओडिसी' पुन्हा पाहिला. मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात, फिल्म सोसायटीच्या पडद्यावर, आणि तेव्हा शेवट कळला नव्हता. आजही कळला नाही, ते सोडा. माझा प्रश्न हॅलबद्दल, म्हणजे त्यातलं यान चालवणाऱ्या संगणकाबद्दल आहे.

सिनेमा संपल्यावर चिरंजीव (इंजिनीअरिंग, दुसरं वर्ष) म्हणाले, "बघ आई, एआय डोक्यावर बसला की हे असं होतं." मी ओट्यापाशी भांडी विसळत होते. मला मात्र आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ आठवले. हिशेबाचं काम, अक्षर मोत्यासारखं, वीस वर्षांत एक आकडा चुकलेला नाही. एका वर्षी मोठ्या साहेबांनी त्यांना सांगितलं, अमुक खर्चाबद्दल कुणाशी बोलायचं नाही. आणि नेमून दिलेलं काम काय? तर जो विचारेल त्याला बरोबर माहिती देणं. सहा महिन्यांत त्या माणसाच्या नोंदी चुकायला लागल्या, नसलेल्या चुका दिसायला लागल्या. चांगली सोडवलेली बेरीज घेऊन यायचे आणि म्हणायचे, "ह्यात गडबड आहे, तपासा." सगळे म्हणाले, डोकं फिरलं. कुणीही विचारलं नाही की फिरवलं कुणी.

आता हॅलकडे बघा. डिस्कव्हरी यान गुरूकडे चाललंय. डेव्ह बोमन आणि फ्रँक पूल जागे आहेत, तिघं जण शीतनिद्रेत. मोहिमेचं खरं कारण, म्हणजे चंद्रावर सापडलेली ती काळी शिळा आणि तिने गुरूच्या दिशेने पाठवलेला संदेश, हे जाग्या दोघांना सांगितलेलंच नाही. यानात जागं असलेल्यांपैकी ते एकट्या हॅलला माहीत आहे. हे आपल्याला कळतं केव्हा? डेव्ह त्याला बंद करून टाकतो त्यानंतर, आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेला निरोप पडद्यावर आपोआप सुरू होतो तेव्हा.

ते कळल्यावर मागे जाऊन तो एक प्रसंग परत लावा. डेव्ह चित्रं काढतोय, हॅल कौतुकाने बघतोय. मग हॅल अगदी चाचरत विषय काढतो: तुला ह्या मोहिमेबद्दल काही विचित्र नाही वाटत? चंद्रावर काहीतरी खोदून काढल्याच्या अफवा, इतकी गुप्तता, त्या तिघांना वेगळं प्रशिक्षण देऊन झोपवूनच यानात आणलं... डेव्ह म्हणतो, तू आमच्या मानसिक अवस्थेचा अहवाल बनवतोयस ना? हॅल म्हणतो, हो. आणि लगेच, पुढच्याच क्षणी, "एक मिनिट, एक मिनिट" करत सांगतो की एई-३५ नावाचा भाग बहात्तर तासांत बंद पडणार आहे. तो भाग ठणठणीत असतो.

पुढे हॅल माणसं मारतो, तरी मला हे खुनी यंत्र वाटत नाही. ते पोटातलं ओठावर आणायला आलं होतं, समोरच्याने दार लावून घेतलं. तुम्हाला काय वाटतं?

शेवटचा_बाक (९:५२)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (हा सिनेमा मी तीनदा सुरू केला आणि तीनदा माकडांतच झोपलो. पंचवीस मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही हो.)

टेकडीवरून (१०:१५)

ताई, लेख आवडला. पण थोडं काटेकोर व्हावं लागेल. तुम्ही सिनेमा आणि कादंबरी यांची मिसळ करताय.

दिग्दर्शक कुब्रिक आणि लेखक आर्थर सी. क्लार्क यांनी पटकथा आणि कादंबरी एकाच वेळी लिहायला घेतली, दोन्ही १९६८ साली आली. तुम्ही मांडताय तो उलगडा, म्हणजे सत्य सांगणं आणि सत्य लपवणं या कात्रीत हॅल सापडला, हा कादंबरीत स्वच्छ लिहिलेला आहे. पुढे १९८२च्या '२०१०' या कादंबरीत आणि १९८४च्या सिनेमात तर तो जवळजवळ निकालपत्रासारखा वाचून दाखवला आहे. कुब्रिकने मात्र त्यातलं काहीच ठेवलं नाही. त्याने फक्त तो निरोप ठेवला आणि बाकी आपल्यावर सोडलं.

माझं मत, कुब्रिकचं बरोबर. सिनेमातला हॅल पुस्तकातल्यापेक्षा मोठा आहे, कारण तो का बिघडला हे आपल्याला सांगितलेलं नाही. कदाचित गर्व असेल. सिनेमातल्या बीबीसीच्या मुलाखतीत तोच म्हणतो ना, ९००० मालिकेतल्या संगणकाने आजवर चूक केलेली नाही. मग चूक पकडली गेली आणि ती लपवायला माणसं मारली. हा ताणाखाली मोडलेला कारकून नाही, हा अब्रू जाईल म्हणून खून करणारा माणूस आहे. असे लोकही आपण पाहिलेत.

अवांतर: सिनेमात हॅल सांगतो त्याची जन्मतारीख १२ जानेवारी १९९२, कादंबरीत १९९७. गाव दोन्हीकडे एकच, इलिनॉयमधलं अर्बाना.

घोडा_अडीच_घरं (१०:३१)

टेकडीवरून, चुकीचंच म्हणताय तर बुद्धिबळाचा डाव पाहा. पूल हॅलशी खेळतोय, हॅलकडे काळी मोहरी. हा डाव कुब्रिकने बनवलेला नाही, १९१० साली हॅम्बुर्गला खेळला गेलेला खरा डाव आहे, रोश विरुद्ध श्लागे. हॅल पूलला सांगतो की तू हरलास, आणि चाली वाचून दाखवतो. त्यात तो वजिराचं घर चुकीचं सांगतो. जुन्या इंग्रजी पद्धतीत घरं आपापल्या बाजूने मोजतात, त्यामुळे काळ्याच्या बाजूने ते सहावं घर व्हायला हवं, हॅल तिसरं म्हणतो. पूल पटाकडे बघतो, "हो, तसंच दिसतंय" म्हणतो आणि डाव सोडतो.

एई-३५च्या आधीची ही चूक आहे. आता कुब्रिक स्वतः न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरमध्ये पैसे लावून बुद्धिबळ खेळलेला माणूस. त्याच्या नजरेतून हे सुटलं असेल? काही जण म्हणतात, नटाच्या तोंडून चुकून गेलं. मी म्हणतो, मुद्दाम. आणि मला त्यात हॅलपेक्षा पूलचं वागणं जास्त भीतीदायक वाटतं. पडताळून बघायला पट समोर आहे, तरी यंत्र म्हणालं म्हणून राजा आडवा.

मृद्गंध२ (१०:३३)

+१ घोडा. शेवटच्या वाक्याला दोनदा.

कोकमसरबत (१०:५८)

मला ह्या सगळ्यात आवाज महत्त्वाचा वाटतो. त्या हॅलला चेहरा नाही, हात नाहीत, आहे फक्त लाल डोळा आणि तो आवाज. डग्लस रेन नावाच्या कॅनडाच्या नाट्यनटाचा. गंमत अशी की हॅलसाठी आधी मार्टिन बाल्सम या अमेरिकन नटाचा आवाज ध्वनिमुद्रित केला होता. कुब्रिकला तो फारच भावनिक, फारच अमेरिकन वाटला. मग रेनला घेतलं. रेनने १९६०च्या 'युनिव्हर्स' या कॅनेडियन माहितीपटाचं निवेदन केलं होतं आणि कुब्रिकला तो माहितीपट फार आवडायचा.

रेनच्या आवाजात धमकी कुठेच नाही. डेव्ह यानाबाहेर, हेल्मेट आतच राहिलेलं, दार उघड म्हणून ओरडतोय, आणि हॅल दिलगिरी व्यक्त करतो, तीही इतक्या अदबीने की खिडकीवर "साहेब जेवायला गेलेत" सांगणारी माणसं आठवतात. मी रोज लोकलने जाते. "पुढील स्टेशन" सांगणारा आवाज गाडी तासभर बोगद्यात अडकली तरी त्याच गोडव्याने बोलतो. परवा पावसात गाडी जागची हलत नव्हती आणि तो आवाज उत्साहाने पुढचं स्टेशन जाहीर करत होता. डब्यात एक काकू म्हणाल्या, "हिला कुणीतरी खरं सांगा गं." मला हॅलच आठवला.

तिरफळताई, म्हणून मी तुमच्या बाजूने. खोटं बोलणाऱ्याचा आवाज बदलतो. हॅलला तो बदलताच येत नव्हता.

नानिवडेकर_आजोबा (११:२०)

उशीर झाला आहे, पण धागा चांगला आहे म्हणून लिहितो.

'रोबो' शब्द आला कुठून, तर कारेल चापेक या चेक लेखकाच्या 'आर. यू. आर.' या नाटकातून. १९२० साली छापलं, १९२१च्या जानेवारीत प्रागला रंगभूमीवर आलं. शब्द सुचवला त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराकडे करावं लागणारं सक्तीचं काम. आपल्याकडे याला वेठ म्हणतात. म्हणजे 'यंत्रमानव' हे आपलं भाषांतर जरा जास्तच सभ्य आहे, खरा अर्थ वेठबिगार. आणि त्या नाटकातले रोबो लोखंडी नाहीत बरं का, रसायनांतून बनवलेली हाडामांसाचीच माणसं आहेत.

दुसरं, तिरफळ यांनी सांगितलेली कात्री क्लार्कच्या आधी आयझॅक अॅसिमॉव्हने १९४२ साली लिहून ठेवली आहे. 'रनअराउंड' ही कथा, जिच्यात ते प्रसिद्ध तीन नियम पहिल्यांदा स्पष्ट मांडले गेले. स्पीडी नावाचा रोबो बुध ग्रहावर आहे. माणसाने त्याला जाता जाता सांगितलं, जरा सेलेनियम घेऊन ये. दुसरा नियम सांगतो, आज्ञा पाळ. पण सेलेनियमच्या तळ्यापाशी धोका आहे आणि तिसरा नियम सांगतो, स्वतःला जप. हा रोबो महागडा म्हणून त्याचा तिसरा नियम जरा जास्तच घट्ट बसवलेला. आणि आज्ञा मात्र सहज, बिनजोराची. दोन्ही ओढी जिथे सारख्या होतात तिथे तो अडकतो, आणि तळ्याभोवती गोल गोल फिरत राहतो, दारू प्यायल्यासारखा, गाणी म्हणत. विक्रम बोलला तर वेताळ उडणार, गप्प राहिला तर डोक्याची शकलं, तसलाच प्रकार.

त्याला सोडवायला शेवटी एका माणसाला स्वतःचा जीव धोक्यात घालावा लागतो, कारण पहिला नियम, माणसाला वाचव, हा जागा झाल्याशिवाय तो भानावर येणार नाही. माणूस बाहेर उन्हात जातो. हॅलसाठी कुणी बाहेर गेलं नाही.

ओव्हरटाइम (११:३७)

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. आमच्याकडे याला भूत लागलं, बिघडलं वगैरे काही म्हणत नाहीत. दोन रिक्वायरमेंट एकमेकींच्या विरुद्ध होत्या, कुणी तपासल्या नाहीत, मग प्रॉडक्शनला गेल्यावर सिस्टिमला शिव्या. हॅलचा बग हॅलमध्ये नाही, कागदावर आहे.

१९८३च्या 'वॉरगेम्स'मधला संगणकही असाच. त्याला अणुयुद्ध खेळायला शिकवलं, खेळ आणि खरं यातला फरक सांगायचं राहिलं. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो सिनेमा कॅम्प डेव्हिडला पाहिला आणि नंतरच्या बैठकीत आपल्या सेनाधिकाऱ्यांना विचारलं, असं खरंच होऊ शकतं का? शोध घेऊन आठवड्याने उत्तर आलं ते असं की परिस्थिती तुम्हाला वाटते त्याहून वाईट आहे. १९८४ साली त्यातूनच संगणक-सुरक्षेचा राष्ट्रीय आदेश निघाला. सिनेमा बघून धोरण ठरलेलं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

'टर्मिनेटर'मधल्या स्कायनेट या संगणकाबद्दल मात्र मला काडीचंही कुतूहल नाही. जागा झाला आणि त्याच क्षणी सगळ्यांना मारायचं ठरवलं, त्यात पात्र कुठे आहे? त्यापेक्षा तो 'हिचहायकर्स'मधला मार्व्हिन नावाचा रोबो घ्या. ग्रहाएवढा मेंदू आणि काम काय, तर पाहुण्यांना आत घेऊन ये. आमच्या टीममधले अर्धे लोक मार्व्हिन आहेत.

शेवटचा_बाक (११:४१)

आणि उरलेले अर्धे?

ओव्हरटाइम (११:४२)

मॅनेजर.

पिंपळपान (सोमवार, सकाळी ७:०५)

रोबो चिट्टीला विसरलात की काय सगळे? 'एंदिरन', तमिळ सिनेमा, २०१०. आगीतून मुलीला वाचवतो, ती अंघोळ करत होती, सगळ्यांसमोर तशीच उचलून आणतो, ती लाजेने पळते आणि गाडीखाली येते. त्याने काय चुकीचं केलं? 'जीव वाचव' एवढंच शिकवलेलं. आणि 'स्मॉल वंडर' मालिकेतली रोबो मुलगी विकी! आमची पिढी हिंदी डबिंगमधली विकी बघत मोठी झाली. तीही जे ऐकेल ते शब्दशः करायची.

टेकडीवरून (७:४०)

विकी आणि हॅल एका धाग्यात. आता मी हे पाहून घेतलं.

भर_दुपारी (९:१२)

धर्मराजाचं 'नरो वा कुंजरो वा' कुणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं. त्याला निदान ते 'कुंजरो वा' पुटपुटायची सोय होती. हॅलला तीही नव्हती. शिवाय धर्मराजाचा रथ फक्त जमिनीला टेकला.

मक्याच्या_शेतातून (सोमवार, रात्री ८:५०)

मी पाच वर्षं अर्बाना-शॅम्पेनला होतो, त्यामुळे हे वाचून राहवलं नाही. सपाट मुलूख, मका आणि सोयाबीन, आणि मध्ये विद्यापीठ. हॅल तिथला, याचं मला तरी नवल वाटत नाही. इलिनॉय विद्यापीठाने १९५२ सालीच 'इलियाक' नावाचा संगणक बांधला होता. १९९७ साली, पुस्तकातल्या हॅलच्या जन्मवर्षी, विद्यापीठाने त्याचा वाढदिवसही साजरा केला. मी तिथे पोचलो त्याच्या बऱ्याच नंतर, पण मुलं अजून जानेवारीत त्यावरून विनोद करायची.

पण इथे कुणीही न लिहिलेली गोष्ट वेगळीच आहे. हॅलचा गुरू भारतीय आहे!

१९६८च्या सिनेमात हॅल मरताना आपल्या शिक्षकाचं नाव लँगली सांगतो. कादंबरीत मात्र ते नाव डॉ. चंद्रा. '२०१०'मध्ये त्याचं पूर्ण नाव येतं, शिवसुब्रमण्यन चंद्रशेगरमपिळ्ळे. क्लार्क १९५६पासून श्रीलंकेत राहत होता, हे नाव त्याच्या कानावरचं असणार. पुढे हॉलिवूडने काय केलं? १९८४च्या सिनेमात डॉ. चंद्राची भूमिका बॉब बालाबान या अमेरिकन नटाला दिली. काम त्याने चांगलं केलंय, तक्रार नाही. म्हणजे आहे. तिथे माझे प्राध्यापक तमिळ होते, आणि चंद्रा मला कायम त्यांच्यासारखाच दिसतो: स्वेटर, कमी बोलणं, आणि विद्यार्थ्याला नापास करताना स्वतःच अस्वस्थ होणं.

ज्यांनी '२०१०' पाहिला नाही त्यांनी पुढचं वाचू नये. चंद्रा त्या सोडून दिलेल्या यानात जातो आणि हॅलला परत चालू करतो. बाकी सगळे घाबरलेले. हॅलचा आवाज पुन्हा डग्लस रेनचाच. तपासाअंती चंद्रा सांगतो की ज्या लोकांना खोटं बोलणं सोपं जातं त्यांनी हॅलला खोटं बोलायला सांगितलं, आणि ते कसं करायचं हे हॅलला माहीत नव्हतं. शेवटी पळून जायला डिस्कव्हरीचं इंधन वापरायचंय, म्हणजे हॅल मागे राहून नष्ट होणार. तो उलटमोजणी चालू असताना विचारतो, आपण हे का करतोय? चंद्रा आधी टाळतो. मग खरं सांगून टाकतो. आणि हॅल म्हणतो, खरं सांगितल्याबद्दल आभार.

मग उलटमोजणी पुढे चालू.

कोकमसरबत (९:०४)

हा प्रसंग मी पाहिला होता आणि पूर्ण विसरले होते. आत्ता वाचून घशात आलं.

बरं, डेव्ह हॅलला बंद करत असतो तेव्हा हॅल गातो ते 'डेझी बेल' गाणं, त्याची गोष्ट सांगते. १९६१ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत आयबीएम ७०४ या संगणकाकडून हेच गाणं गाऊन घेतलं होतं. क्लार्क तिथे पाहुणा म्हणून गेला असताना त्याने ते ऐकलं. म्हणजे हॅल शेवटी शुद्ध हरपत मागे मागे जातो तो आपल्या जातीच्या बालपणापर्यंत. आमची आजी शेवटच्या आठवड्यात मुलांची नावं विसरली होती, पण परकरात असताना म्हणायची ती भोंडल्याची गाणी म्हणायची.

टेकडीवरून (९:३०)

हे मान्य. त्या प्रसंगात पूर्ण सिनेमात भीती वाटतेय असं स्पष्ट म्हणणारं एकच पात्र आहे, आणि ते हॅल आहे. डेव्ह नुसता श्वास घेत असतो.

गर्वाचा मुद्दा मी सोडत नाही. पण तो प्रसंग बघताना मी कधी डेव्हच्या बाजूने नव्हतो, एवढं कबूल करतो.

तिरफळ (१०:१८)

सगळ्यांचे आभार. आजोबा, 'रनअराउंड' शोधून वाचते.

मक्याच्या शेतातून, तुमचा प्रतिसाद लेकाला वाचून दाखवला. मग जेवण तसंच ठेवून '२०१०' लावला. तो आभाराचा प्रसंग आला तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं, तर स्वारी मोबाइल खाली ठेवून बसलेली. म्हटलं, जिंकले. पण सिनेमा संपल्यावर म्हणतो, "आई, ते सगळं ठीक आहे. पण त्यांनी हॅलच्या वीजतारेवर गुपचूप कात्री बसवून ठेवलीच होती ना? म्हणजे खोटं बोलल्याने तो बिघडला हे कळल्यावरही ते त्याच्याशी खोटंच वागत होते."

मी म्हटलं, अरे, पण चंद्राने ती शोधून काढून टाकली.

"हो, कुणालाही न सांगता."

आता ह्यावर काय बोलू? आणि ते ऑफिसातले गृहस्थ, काहींनी व्यक्तिगत निरोपात विचारलं म्हणून, निवृत्त होऊन गावी असतात. गेल्या दिवाळीत फोन केला होता. आंब्याची कलमं लावलीत, प्रत्येकाला नंबर दिलाय, वही ठेवतात. एकही नोंद चुकलेली नाही म्हणाले.

घोडा_अडीच_घरं (१०:२६)

तुमच्या लेकाला बुद्धिबळ येतं का? नसेल तर शिकवा.

शेवटचा_बाक (११:५५)

चौथ्यांदा सुरू केला. माकडं संपली! हाड वर गेलं आणि एकदम अंतराळयान झालं. आता एक माणूस तरंगत्या पेनाशेजारी झोपलाय. त्याचं बघून मलाही झोप येतेय, पण उद्या हॅलपर्यंत पोचतो. कुणी शेवट सांगू नका. सांगून झालाय म्हणा.